दोन काकू, एक परात

“चारला निकाल लावतो, साहेब! तुमी फक्त बघा!” सुयोगने फोनवर छाती फुगवून सांगितलं, आणि तिथेच बिचारा बुडाला.

सुयोग मुरबाडजवळच्या गावात घरूनच काम करणारा कॉम्प्युटरवाला. कंपनीत अजून पक्का झाला नव्हता. एका यंत्रातल्या अनेक प्रोसेसरांना एकच काम वाटून द्यायचं, तर कसं, एवढंच त्याला ठरवायचं होतं. सगळ्यांनी एकाच सामाईक मेमरीत हात घालायचा, की ज्याची त्याची मेमरी वेगळी ठेवून एकमेकांना निरोप द्यायचे? साहेबांची अट होती, ग्राहकाला कळेल असं घरगुती उदाहरण दे, तेही व्हिडिओ कॉलवर! जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम.

घरात बहिणीची, वैष्णवीची हळद. पडवीत सुंदराकाकू आणि लहानीकाकू दीडशे भाकऱ्या करायला बसलेल्या. दोन प्रोसेसर आयतेच! आधी तालीम म्हणून सुयोगने एकच परात मधे ठेवली. सुंदराकाकूला पीठ कोरडं वाटलं, तिने तांब्याभर पाणी ओतलं. लहानीकाकूलाही तसंच वाटलं, तिनेही ओतलं. पिठाची पेज झाली!

“अगो, एकमेकींना सांगायचं ना!” सुयोग कळवळला.

“कुनाला सांगू?” सुंदराकाकू भिंतीकडे बघून म्हणाली. “हितं मला कोण दिसत नाय.”

सुयोगने कपाळावर हात मारला. तीन वर्षांमागे म्हशाच्या जत्रेत सुंदराकाकूने हेरलेली घोंगडी लहानीकाकूने उचलली होती. तेव्हापासून दोघी जावांचा अबोला! आणि हे शहाणं विसरलं होतं.

पावणेचार झाले. “आता निरोपाची पद्धत!” सुयोगने घाम पुसला. पेजेची परात मधेच राहिली; सुंदराकाकूकडे वेगळं पीठ, लहानीकाकूकडे तवा. सुंदराकाकूने भाकर थापून ‘झाली’ म्हणायचं, लहानीकाकूने ती भाजून ‘तवा मोकळा’ म्हणायचं. झालं!

चारला कॉल लागला. पडद्यावर साहेब, शेजारी ग्राहक. सुंदराकाकू थापलेली भाकर घेऊन ‘तवा मोकळा’ ऐकायला बसली. लहानीकाकू मोकळा तवा चुलीवर ठेवून ‘झाली’ ऐकायला बसली. तव्यातून धूर निघाला. पाच मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही.

“सुयोग, व्हिडिओ अडकलाय का?” साहेबांनी विचारलं.

“व्हिडिओ चालू हाय, साहेब,” सुयोग रडकुंडीला आला. “काकू अडकल्यात!”

शेवटी तोच उठला. “काकू, तवा मोकळा हाय! काकू, भाकर झाली!” करत इकडून तिकडे धावला आणि सगळा पायच पेजेच्या परातीत! हातातला फोन उडून पेजेत पडला. बाहेर काढला तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, “काम दुसऱ्याला देतो.” कॉल कट.

“मेल्यानं पिठाचा सत्यानाश केला!” लहानीकाकू कडाडली. “बघितलं का गो, जाऊबाय?”

“बघितलं ना गो! ह्याला कॉम्प्युटर तरी येतो का?”

तीन वर्षांनी दोघी बोलल्या! वैष्णवीने तर डोळे पुसले. नवीन पीठ आलं, आणि सुयोगला शिव्या घालता घालता ‘झाली’, ‘तवा मोकळा’, ‘झाली’, ‘तवा मोकळा’! दिवेलागणीपर्यंत दीडशे भाकऱ्या!

सुयोगने चिकट फोन पुसून साहेबांना लावला. चालतेय पद्धत, अगदी झकास चालतेय, एवढं सांगायचं होतं. दहा वेळा लावला. कुणी उचललाच नाही.

आता तिकडून अबोला सुरू झाला होता!