रामदास सरांच्या गळ्यातला पुरावा

"अहो, काढा तो पट्टा! म्हैस वरडतीय, मला उसाच्या कडंला गवताला जायचंय!" स्नेहल तिसऱ्यांदा ओरडली.

निघत असता तर रामदास सरांनी केव्हाच काढला असता. बिबट्याने मान धरू नये म्हणून येडगावच्या बायका शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. आज अकराला नारायणगावच्या विज्ञान प्रदर्शनात सरांचं भाषण होतं. विषय होता, 'अनुकूलनातून नवे गुण निर्माण होतात की जुनेच बदलतात?' सर ठासून सांगणार होते, नवेच! पुरावा म्हणून बायकोचा पट्टा न्यायचा ठरला, आरशासमोर घालून बघितला आणि मागची कडी अडकली. आता हातात धरून दाखवला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, सरांना हौस!

गोडेतेल लावलं, तर सदरा तेवढा पिवळा झाला. पकडीने कडी ओढली, तर सरच मागे आले.

"ऱ्हाऊ दे रं," सरांची आई कोंडाबाई म्हणाली. "बिबट्या तरी धरायचा न्हाई."

"आये, संस्थेचे सचिव येणारेत! भाषण आवडलं तर विज्ञानाच्या एका जागेवर मला कायम करतील. पाच वर्सं झाली हंगामी राबतोय मी!"

दहा वाजून गेले होते. सर तसेच पळाले. जीपमध्ये बसले न बसले तोच शेजारची बाई किंचाळली.

"राव, पॅशिंजरला टोचतंय," ड्रायव्हर म्हणाला. "तुमी टपावर बसा."

टपावरून धुळीने माखून सर व्यासपीठावर पोचले आणि खरी पंचाईत तिथे झाली. पट्ट्यामुळे मान खाली जाईना, कागद दिसेना. छताकडे बघत त्यांनी सुरुवात केली, "मित्रांनो, गरज पडली की निसर्ग नवा गुण देतो. हा पट्टाच बघा!"

"पण सर," परीक्षक अंजना मॅडम म्हणाल्या, "मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात असाच पट्टा असतो की. तोच जरा रुंद करून माणसाला घातला. यात नवं काय? जुनंच बदललं."

पोरं खो खो हसली. मॅडमचं खरं होतं आणि ते सरांना नेमकं आत्ता, सचिवांसमोर पटत होतं. होकार द्यायला मान हलवावी, तर तीही हलेना.

सचिव उठले. "भाषण राहू द्या. इतका चांगला नमुना अख्ख्या प्रदर्शनात नाही. इकडे उभे राहा."

मग पाच वाजेपर्यंत सर गांडूळखत आणि सौरचुलीच्या मधे उभे होते. पुढ्यात पाटी होती, 'नमुन्याला हात लावू नये'. संध्याकाळी शाळेच्या शिपायाने कडी कापली आणि नमुन्याला दुसरा क्रमांक मिळाला. सरांना पुन्हा आशा वाटू लागली.

"पट्टा कुणाचा?" प्रमाणपत्र लिहिताना सचिवांनी विचारलं.

"मिसेसचा. स्नेहलचा."

सचिवांनी तेच नाव लिहिलं. "ताईंचं शिक्षण?"

"बी.एस्सी., बी.एड.," सर अभिमानाने म्हणाले.

"अरे वा! मग सोमवारी त्यांना भेटायला पाठवा. विज्ञानाची ती एक जागा कायमची भरून टाकू."