आवाज परत येण्याची अट

आमच्या विद्यापीठाच्या पॉडकास्टवर जो बोलतो त्याचा आवाज त्या भागाबरोबर निघून जातो, आणि कुणीतरी तो भाग एका बैठकीत शेवटपर्यंत ऐकला की परत येतो. संशोधन लोकांपर्यंत न्यायचं तर एवढं चालायचंच. बहुतेकांच्या घरी ऐकणारं कुणीतरी असतं, संध्याकाळपर्यंत काम भागतं. मी रेकॉर्डिंगच्या खोलीत मशीन सांभाळतो. माझं ऐकणं धरत नाहीत, ती नोकरी आहे.

डॉ. हेमलता बापट एकट्या राहायच्या. कोकणातल्या कातळावरच्या गोगलगायींवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. पाऊण तास बोलल्या, फार सुरेख बोलल्या, आणि खुर्चीतून उठल्या त्या मुक्याच.

अभिनंदनं भरपूर आली. आवाज आला नाही. आमच्याकडे रीतच आहे, सहकाऱ्याचं काम आधी वाखाणायचं, वाचायचं-ऐकायचं मग सवडीनं. मी विभागप्रमुख किल्लेदार सरांना गाठलं.

"सर, बापट मॅडमचा भाग ऐकलात?"

"उत्तम झालाय. मी चार ग्रुपवर पाठवला."

"शेवटपर्यंत ऐकलात?"

"आशय पोचला हो. शेवटी संदर्भच असतात."

"त्यांचा आवाज अडकलाय, सर."

"त्यासाठी मौनरजेची तरतूद आहे," सर म्हणाले आणि चहा मागवला. मला इतका राग आला की तो चहा मी घेतला नाही. बाकी काही करू शकलो नाही.

बाई रजा घेऊन देवरुखजवळ गावी गेल्या. तिथे त्यांचे वडील, अण्णा. दृष्टी गेलेली. लेकीचा रविवारचा फोन हाच त्यांचा आठवडा. आता तिला फोन करता येईना, म्हणून ती स्वतःच गेली. महिन्याभरानं मला राहवेना, मीही गेलो.

अण्णा ओटीवर मोबाइल कानाला लावून बसले होते. मोबाइलमधून बाईंचा आवाज येत होता, गोगलगाय उन्हाळाभर कवचाचं दार लावून कशी पडून राहते ते सांगत होता. शेवट आला तसं अण्णांनी चाचपून बटण दाबलं.

"थोडंच राहिलंय, अण्णा," मी म्हटलं. "ऐकून टाका."

"छे हो. संपलं तर मग काय ऐकू? रविवारी दोन मिनिटं बोलायची, तेही घाईत. हल्ली रोज बोलते माझ्याशी. शेवट मी राखून ठेवतो."

मी सांगायला तोंड उघडलं. दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी हातानंच मला थांबवलं. मग डोळे पुसले, पुढे आल्या आणि अण्णांच्या हातात कप दिला.

"ही कुणी शेजारची येते," अण्णा मला म्हणाले. "मुकी आहे बिचारी. पण चहा अगदी आमच्या हेमासारखा करते."

मग त्यांनी चाचपून भाग पहिल्यापासून लावला.