डोहावरचा जानू

डोहावर कुणी कपडे काढले की जानू समोर येऊन उभा राहणारच. "बाहेर कुठनं निघनार, ते दाव आधी." बोट करून जागा दाखवल्याशिवाय तो कुणाला पाण्यात उतरू देत नाही. बेलबॉटमवाली मुंबईची पोरं हसतात. दोर घेऊन कातळावर चढायला येणाऱ्यांनाही तो उतरायची जागा आधी विचारतो. एक जण म्हणाला, वर जाऊन बघतो आणि सांगतो. जानूने त्याचे बूट काखेत मारले आणि सरळ घरी निघाला. मागे तो अनवाणी, हातापाया पडत.

नदीकाठची ही वाट कर्जतकडून येते आणि माझ्या शेताच्या बांधावरून वर डोहांकडे जाते. पाऊस सरला की जानू कोयता घेऊन ती साफ करतो. कुणी सांगितलेलं नाही. पगार नाही, लग्न नाही, डोकंही नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

गेल्या साली माझी बायको पारू गेली. वाटेवरून हसत जाणारी माणसं मला बघवेनात. मी बांधावर काट्यांची वई घातली आणि वाट बंद केली. जानू भांडायला येणार म्हणून काठी घेऊन बसलो.

तो भांडला नाही. काट्या बाजूला केल्या, पलीकडे गेला, आणि वळून होत्या तशा पुन्हा लावल्या. येतानाही तेच. महिनाभर हेच चाललं. मी शिव्या घालायचो, तो वई नीट बसली का ते हलवून बघायचा.

एक दिवस त्याच्या तळहातात काटा खोल रुतला. मी सुई घेऊन बसलो. काढता काढता विचारलं, बाबा, तुला दुसरी वाट नाही का? तो म्हणाला, पाय पडले नाहीत तर एका पावसात वाट गवताखाली जाते.

"जाऊ दे की," मी म्हटलं.

"नाय जाऊ देनार. वयनी रोज धुनं घेऊन हितनंच जायची. लोकं मला हसतात, नायतर टाळतात. थांबून बोलनारी ती येकलीच होती, दादा."

चाळीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. काटा निघाला तरी मी त्याचा हात सोडला नाही. मग उठलो, वई उपटली, बांधाखाली फेकली आणि त्याच्या मागून चालू लागलो.

थोडं पुढं गेल्यावर विचारलं, "काय बोलायची रं ती?"