एक्सल बांधावा की बदलावा

मागून येणाऱ्या आवाजाकडे कानाडोळा करण्यातच बहुतेकांचा जन्म जातो. आवाज आला की गाडी थांबवणारा, खाली उतरणारा आणि तो नेमका कुठून आला याच्या मुळाशी जाणारा माणूस हजारात एक. देवासचे नीलकंठराव पोतनीस हे असे हजारात एक गृहस्थ होते.

हाटपिपल्याच्या नृसिंहाचं दर्शन घेऊन ते सपत्नीक परतत होते. पुढे नीलकंठराव, मागच्या सीटवर पाय लांब करून त्यांच्या पत्नी दुर्गाबाई. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मागून दोन आवाज आले. पहिला ‘कट्ट’ असा झाला आणि थांबला. दुसरा ‘घूंऽ’ असा सुरू झाला, तो थांबेचना.

“काय झालं?” नीलकंठरावांनी विचारलं.

“गुडघा,” दुर्गाबाई कळवळून म्हणाल्या.

“दोन्ही आवाज गुडघ्याचे?”

“नाही हो. दुसरा तुमच्या गाडीचा.”

नीलकंठरावांचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी कडेला घेऊन, रुमाल अंथरून ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुर्गाबाई दार उघडून स्वतःच्या हिमतीवर उतरल्या, बाभळीखाली बसल्या आणि प्रसादाचं अर्धं खोबरं त्यांनी खाल्लं.

ही गाडी साधीसुधी नव्हती. मध्य भारत संपून मध्य प्रदेश झाला त्या, म्हणजे छप्पन सालची, हिरव्या रंगाची, विलायती. नीलकंठरावांचे आजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात कारभारी होते. दरबार गेल्यावर रुतबा कुठेतरी ठेवायला हवा म्हणून त्यांनी ही गाडी घेतली. योगायोगाने दुर्गाबाईंचा जन्मही त्याच सालचा. त्यामुळे गाडीला सगळे ‘क्लासिक’ म्हणत आणि दुर्गाबाईंना ‘आता वय झालं’ असं म्हणत.

निदान गेंदालाल मिस्त्रीने केलं. (ज्यांना मोटारीचं अंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मागचा एक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा धुरा. त्याच्या मधोमध एक गोल पोट असतं. त्या पोटातली दातेरी चक्रं इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देतात. वाटपावरून कुरबुर होतेच, पण ती आवाजावरून कळते.) गेंदालालने तेल काढलं, बोटावर घेतलं, उन्हात धरलं. तेलात पितळेसारखा चुरा चमकत होता. चक्राचे दात झिजले होते, डाव्या चाकाकडे जाणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, किंचित पिळला होता आणि पोटाच्या बाहेरच्या कवचाला केसाएवढी चीर होती.

“बदल दो साब, झंझट खतम,” गेंदालाल म्हणाला. मग चहा आला. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “पण भिया, ओरिजनल तो ओरिजनल हे. बांध भी सकां हां.”

(बांधणं म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत मूळ वस्तू खोलून, दुरुस्त करून पुन्हा जुळवणं.) इथूनच प्रश्नाला तात्त्विक स्वरूप आलं.

एक्सल काढून घरात आणला गेला. त्याला कोरडी, सपाट, येताजाता नजरेखाली राहील अशी जागा हवी होती. अशी जागा घरात एकच होती: बैठकीतला दिवाण. दुपारी दुर्गाबाई त्यावर पाय पसरून पडत, पण त्यांना खुर्चीही चालते, हे नीलकंठरावांच्या लक्षात होतं. दिवाणावर जुनी रजई घालून एक्सल निजवण्यात आला. धूळ बसू नये म्हणून वरून मलमलीचा पंचा.

नीलकंठराव वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंता. कोणताही निर्णय सर्व संबंधितांना विश्वासात घेतल्याशिवाय करायचा नाही, ही त्यांची नोकरीतली ख्याती. (त्यांच्या काळातले काही निर्णय आजही विश्वासात घेतले जात आहेत.) त्यांनी धार-देवास पुरातन मोटार मंडळाची सभा घरी बोलावली. मंडळाचे अध्यक्ष धारचे भैयासाहेब. मंडळाची स्थिती अत्यंत भक्कम: सभासद सात, गाड्या सात, त्यांपैकी चालणारी एक, आणि तिचा एक्सल दिवाणावर.

सभेत दोन पक्ष पडले. बांधणीवाद्यांचं म्हणणं असं की जन्मापासून ज्याने साथ दिली, ज्याच्यावर सगळा भार टाकला, त्याला चार दात झिजले म्हणून घराबाहेर काढणं हा कृतघ्नपणा आहे. बदलवादी म्हणाले की भावनेने चाकं फिरत नाहीत. बांधणीवाद्यांनी विचारलं, मग आज एक्सल, उद्या इंजिन, परवा नावाची पाटी, शेवटी क्लासिक काय उरणार? बदलवादी म्हणाले, मालक. यावर भैयासाहेबांना गहिवरून आलं. ते म्हणाले, “नीलकंठराव, ही वस्तू तुमच्या घरात इतकी वर्षं मुकाट्याने झिजली. तिच्याकडे कुणी पाहिलं? नाही पाहिलं! आवाज आला तेव्हा पाहिलं!”

 तेवढ्यात पोह्यांच्या बशा घेऊन दुर्गाबाई आल्या. उंबरठ्यावर त्या क्षणभर थांबल्या, दाराची चौकट धरली, मग पाय उचलला.

“वहिनीसाहेब, पोह्यांवर जिरावन मसाला जरा जास्त असू द्या,” भैयासाहेब म्हणाले.

गुडघ्याच्या बाबतीत नीलकंठराव उदासीन होते, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्यांचं त्या विषयावर स्पष्ट मत होतं आणि ते त्यांनी एका वाक्यात, वर न पाहता दिलं होतं: “या वयात व्हायचंच.” शिवाय मलमाची बाटली त्यांनी स्वतः आणून दिली होती. तिच्यातलं थोडं त्यांनी एक्सलच्या नटावरही लावून पाहिलं होतं. नट सुटला नव्हता.

इंदूरला बँकेत असलेली त्यांची मुलगी ऋजुता एका रविवारी आली. आईला स्वयंपाकघरातून बैठकीत यायला लागलेला वेळ तिने नुसता पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तिला इंदूरला डॉक्टरकडे घेऊन गेली. फोटो निघाले. संध्याकाळी ती बापासमोर उभी राहिली.

“बाबा, डॉक्टर बोलली की बदलना पडेगा. घिसून गेलाय पूर्ण. हाड हाडावर घासतंय.”

“बदलायचाच,” नीलकंठराव भिंगातून चीर पाहत म्हणाले. “पण कवच मूळचं ठेवून आतला भाग तेवढा...”

“मी आईचं बोलतेय.”

“अस्सं,” नीलकंठराव म्हणाले. “मग तिचं तिने ठरवावं. माझी काही हरकत नाही.” एवढा मोकळा विचार त्यांच्या पिढीत दुर्मीळच.

दुर्गाबाईंनी ठरवलं. त्यांना नवरात्रात देवासच्या टेकरीवर माताजींच्या दर्शनाला पायी जायचं होतं. रोपवेत बसून देवीसमोर जाणं त्यांना पाहुण्यासारखं वाटे. यापेक्षा जास्त चर्चा झाली नाही. कुणी पक्ष पाडले नाहीत, कुणाला गहिवर आला नाही. इंदूरला ऑपरेशनचा गुरुवार ठरला.

नेमका त्याच गुरुवारी धारपलीकडच्या नालछ्याहून निरोप आला. तिथले विक्रमसिंह नावाचे शेतकरी. त्यांच्याकडे त्याच बनावटीचा, त्याच सालचा एक्सल असल्याची खबर भैयासाहेबांनी काढली होती. नीलकंठराव पेचात पडले. पण भूगोल त्यांच्या बाजूने होता. “अगं, धारला जायचं म्हणजे इंदूरवरूनच जायचं,” ते दुर्गाबाईंना म्हणाले. “येताना वाटेतच आहेस तू.”

“हो,” दुर्गाबाई म्हणाल्या. “वाटेतच आहे मी.”

नालछ्याला विक्रमसिंहांनी त्यांना आणि सोबत आलेल्या भैयासाहेबांना शेतात नेलं. मक्याची कणसं भरलेली एक ट्रॉली उभी होती. नीलकंठराव वाकले आणि वाकलेलेच राहिले. ट्रॉलीखाली तो होता. चिखलाने माखलेला, पंचा नाही, रजई नाही, आणि अखंड.

“कधी बांधला हा?” त्यांनी विचारलं.

“बांधणो कई?” विक्रमसिंह म्हणाले. “वजन ज्यादा पड़े तो उतार लां. आवाज करे तो ग्रीस दई दां. इत्तोज.”

ज्ञानाच्या या पातळीवर मंडळाची एकही सभा पोचली नव्हती. एक्सलवर हात फिरवत नीलकंठराव उकिडवे बसले असताना खिशातला फोन वाजला.

“बाबा, आई बाहेर आली. सगळं ठीक.”

“इतक्यात?” नीलकंठराव म्हणाले. “उघडलं, बदललं आणि बंदही केलं?”

“हो. तुम्ही कधी येताय?”

त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं. मग काय झालं कोण जाणे, पण ते उठले. विक्रमसिंहांना म्हणाले, “नंतर येतो,” आणि भैयासाहेब “अहो, निदान माप तरी” म्हणत असताना भाड्याच्या गाडीत जाऊन बसले.  इतकी वर्षं घरात चालताना आपल्या मागून येणारा पावलांचा आवाज कसा होता, तो कधीपासून बदलला, हे आठवायचा ते वाटभर प्रयत्न करत होते. एक्सलच्या घूं-घूंचा स्वर त्यांना पेटीवर वाजवून दाखवता आला असता. हा आवाज काही केल्या आठवेना.

इस्पितळात ते ग्रीसच्या हातांनी पोचले. डॉक्टर अनन्या नावाच्या तरुण सर्जन दारातच भेटल्या.

“मूळ भाग कुठाय?” त्यांनी विचारलं. सवयीचा परिणाम.

“अंकल, वो घर नहीं देते.”

“बांधता आला नसता का?”

आतून दुर्गाबाईंचा बारीक आवाज आला, “बांधूनच तर चालवत होते. घट्ट पट्टी बांधून.”

नीलकंठराव पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. चादरीबाहेर दुर्गाबाईंच्या पायाची बोटं दिसत होती. 

“दुखतंय का गं?”

दुर्गाबाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला. प्रश्न नवा होता.

“आता कमी,” त्या म्हणाल्या. आणि मग, कारण त्या त्यांना ओळखून होत्या, “मिळाला का एक्सल?”

“मिळाला,” नीलकंठराव म्हणाले. “आणला नाही.”

दुर्गाबाईंनी डोळे मिटले. पण त्याआधी नवऱ्याचा ग्रीसचा हात त्यांनी चादरीवर ओढून घेतला. परिचारिका त्या डागावरून दोघांनाही बोलली.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मंडळ तर पूर्ण गणसंख्येने आलं. पलंगाभोवती उभं राहून सगळ्यांनी विचारपूस केली, सफरचंदं ठेवली आणि नालछ्याच्या एक्सलवर ठराव मांडला. डॉक्टर अनन्या राऊंडला आल्या तेव्हा त्यांनाही मत विचारण्यात आलं. त्यांनी मंडळाला खोलीबाहेर काढलं. (हे मत अल्पमतात नोंदवलं गेलं.)

नवरात्रात दुर्गाबाई टेकरी चढल्या. सावकाश, पण पायी. नीलकंठराव त्यांच्या मागून चालत होते, हाताशी पाण्याची बाटली घेऊन, आणि अर्ध्यावर त्यांना स्वतःलाच बसावं लागलं. दुर्गाबाई थांबल्या नाहीत. वर जाऊन दर्शन घेऊन त्या परत आल्या, तेव्हा ते तिथेच कठड्यावर बसले होते.

“तुम्हाला काय झालंय?” त्यांनी विचारलं.

“या वयात व्हायचंच,” नीलकंठराव म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना ते वाक्य अपुरं वाटलं.

एक्सलचा निकालही लागला. नालछ्याचं कवच आणि त्यातली चक्रं घेतली, विक्रमसिंहांच्या ट्रॉलीला दुसरा धुरा बसवून दिला, डावा शाफ्ट नवा घडवला, उजवा मूळचाच ठेवला. आवाज गेला. याला बांधणं म्हणावं की बदलणं, यावर मंडळाची पुढची सभा आहे.

एवढा तपशील देण्याचं कारण, हे वाचून एक्सलचं शेवटी काय झालं असं विचारणारे पुष्कळ निघतील, याची आम्हांला खात्री आहे. शाफ्ट डावा पिळला होता हे तर आपणा सर्वांच्या पक्कं ध्यानात असेल. दुर्गाबाईंचा गुडघा डावा होता की उजवा, हे मात्र आम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आणि इथवर वाचत येताना ते आपणही विचारलेलं नाही.