तबक एक, चमचा एक

रीमची डबी वाजत असेल तरच हुआरिया अ‍ॅम्प उघडायची. टिनच्या छोट्या डबीत बारा बटणं घालून, झाकण डाख देऊन पक्कं करून तिनेच ती लेकीला दिली होती. दीड वर्षाची रीम ती हलवत दुकानभर हिंडायची. डबी वाजतेय तोवर मूल ठीक आहे, हात कामात घालावा. डबी थांबली की हातातलं टाकून पळावं. व्हॉल्व्हचे जुने अ‍ॅम्प बंद केल्यावरही पोटात वीज धरून बसतात, ती उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नसतं, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. त्या वेळी मूल कुठे ठेवायचं, हे मात्र कोणत्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

बेल अब्बेस गावच्या पेठेतलं हे वाद्यांचं दुकान तिच्या सासऱ्यांचं, हाज बूझियान यांचं. फ्रेंच लोक जाताना मागे ठेवून गेलेले, नंतर इटलीहून बोटीने आलेले असे गिटारचे अ‍ॅम्प ते जुन्यात घ्यायचे, दुरुस्त करवून काचेत मांडायचे. नवरा दक्षिणेत गॅसच्या विहिरींवर, महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. दुकानाचा जुना कारागीर समुद्रापलीकडे मार्से शहरात लेकाकडे राहायला गेला तेव्हा हाज म्हणाले, आता अ‍ॅम्प ओरान शहरातल्या एका माणसाकडे पाठवू. हुआरियाने धीर करून विचारलं, मी केले तर? हाजनी बराच वेळ कॉफी ढवळली. तिच्यात साखर नव्हती, तरी ढवळली.

"मिलूदचा अ‍ॅम्प आलाय," ते शेवटी म्हणाले. "तो कर. त्याने मान हलवली तर कामाचं टेबल तुझं. नाही हलवली, तर गल्ल्यावर बसून तारा वीक, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मिलूद, मानाने सगळे म्हणत सी मिलूद, म्हणजे एके काळी ज्याच्या तारखा बघून गावातली लग्नं ठरायची तो गिटारवाला. बारा वर्षांपूर्वी छातीत दुखल्यापासून त्याने बाहेर वाजवणं सोडलं होतं. संध्याकाळी घरच्या बैठकीत वाजवायचा तेवढंच. येत्या गुरुवारी मात्र नातीचं लग्न होतं, आणि अ‍ॅम्पची घरघर इतकी वाढली होती की बायकोने तो उचलायला लावून दुकानात धाडला.

हुआरियाने चार दिवस खपून तो दुरुस्त केला. सुकलेले कंडेन्सर बदलले, खरखरणारी बटणं साफ केली, फाटक्या कागदाचा स्पीकर काढून त्याच वयाचा दुसरा धड बसवला. काढलेला प्रत्येक तुकडा तिने चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला, कारण वस्तू फेकली की तासाभरात तिचीच गरज पडते असा तिला घरातला अनुभव होता. अ‍ॅम्प सुरू केला तर चालू आहे की नाही कळू नये इतका शांत.

सोमवारी सी मिलूद आला. बसला, वाजवलं, थांबला. पुन्हा वाजवलं. मग मान हलवली, पण आडवी.

"हा माझा नाही."

हाजनी त्याला मागचा नंबर दाखवला, कोपऱ्यावरचा सिगारेटचा डाग दाखवला. मिलूद म्हणाला, पेटी माझीच आहे, आतलं बिऱ्हाड बदललंय. हुआरियाने काय काय बदललं ते सांगितलं, तर त्याने ते अजिबात ऐकून घेतलं नाही.

"पोरी, मी तुला चोर म्हणत नाही," तो म्हणाला. "तुझ्या पाठीमागे कुणीतरी बदलला असेल. तुझं अर्धं लक्ष लेकरात."

शेवटचं वाक्य तिच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

समोरच्या कॅफेत दुपारपर्यंत निवाडा झाला. खरा अ‍ॅम्प मार्सेला गेला, तिथल्या कुणा शौकिनाने उचलला, जुना कारागीर उगाच नाही तिकडे राहायला गेला. हे सगळं इतक्या बारकाव्यांनिशी सांगितलं जात होतं की बोटीचा वारसुद्धा ठरला होता. मंगळवारी सकाळी दोन गिऱ्हाइकं आपापले नादुरुस्त अ‍ॅम्प परत घेऊन गेली. तिसऱ्याने ठेवला, पण आधी, पुढे ओळख पटावी म्हणून, अ‍ॅम्पच्या खांद्यावर हात टाकून स्वतःचा फोटो काढून घेतला. हाजनी ओरानच्या माणसाचा नंबर चिठ्ठीवर लिहून गल्ल्याच्या काचेखाली सरकवला, हुआरियाला सहज दिसेल असा.

तिने ठरवलं, केलेलं सगळं उलटं करायचं. फाटका स्पीकर सापडायला वेळ लागला. रीमने त्यात बाहुली झोपवली होती, आणि मागच्या लोहचुंबकाला घरातल्या हरवलेल्या सगळ्या केसांच्या पिना चिकटल्या होत्या. तो बसवून तिने मिलूदला बोलावलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"हा आमच्या गल्लीतला वाटतो," तो म्हणाला. "आमच्या घरातला नाही."

मग तिने बटणांची खरखर परत आणली. त्यासाठी साफ केलेल्या बटणांत पुन्हा धूळ भरावी लागली, आणि ती भरताना आपण चार वर्षं पदवीचा अभ्यास कशासाठी केला, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. मिलूद म्हणाला, चुलतभाऊ. बुधवारी सकाळी तिने सुकलेले कंडेन्सरही परत लावले. घरघर अशी उठली की काचेतल्या सनया थरथरल्या. हाजनी कपाळाला हात लावला. आता अ‍ॅम्प आला होता तितकाच बिघडलेला होता, एका तारेचाही फरक नाही.

"सख्खा भाऊ," मिलूद हळूच म्हणाला. "पण तो नाही." आणि एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आलेले पाहून हुआरियाला रडायचंही सुचेना. उद्या लग्न होतं. त्याला खरंच ऐकू येत होतं काहीतरी, जे तिला येत नव्हतं. भाग तेच, पेटी तीच. मग उरली काय ती जागा.

"सी मिलूद," ती म्हणाली, "मला तुमच्या घरी तो जिथे असतो तिथे ठेवून बघू द्या. मग तुम्ही म्हणाल ते."

एका कडेवर रीम, मागे हातगाडीवर अ‍ॅम्प अशी ती त्याच्या घरी पोचली. बैठकीच्या कोपऱ्यात गालिच्यावर अ‍ॅम्पच्या पायांचे चार खळगे होते. त्यात तो नेमका बसला. मिलूदने वाजवलं. सख्खा भाऊच. त्याने गिटार मांडीवर आडवी टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

तेवढ्यात त्याची बायको खद्रामावशी कॉफी घेऊन आली. पितळेचं तबक, तीन पेले, साखरेचं भांडं आणि त्यात चमचा. ते तिने कुणाला काही न विचारता अ‍ॅम्पवर ठेवलं आणि आत निघून गेली.

मिलूदची बोटं सवयीने तारांवर गेली. खालचे सूर लागले तसा साखरेच्या भांड्यातला चमचा बारीक झिणझिणला, त्याच्याखाली तबक घुमलं, आणि साध्या सुराला एक लांब, थरथरती शेपटी फुटली. मिलूद ताठ झाला.

"आला," तो म्हणाला.

हुआरियाने उठून तबक उचललं. सूर बोडका झाला. ठेवलं; शेपटी परत. उचललं, ठेवलं. मिलूदने चमचा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि जपून जागेवर ठेवला.

"बारा वर्षं मला वाटत होतं," तो म्हणाला, "म्हातारपणी माझा हात सुधारला."

पेले आत ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली, तर खद्रामावशी भाजी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, ती घरघर जावी म्हणून मी अ‍ॅम्प पाठवला होता, ती तर आहे तशीच आहे. हुआरियाने कसंबसं सांगितलं की ती गेली होती, तिनेच कष्ट करून परत आणली. मग तिने विचारलं, "मावशी, तबक तिथेच का ठेवता?"

"टेबल नाही म्हणून." सुरी थोडी थांबली. "पहिल्यांदा तेवढ्याचसाठी ठेवलं. मग लक्षात आलं, की तो वाजवतोय तोवर चमचा वाजतो, आणि ते मला इथे ऐकू येतं. छातीचं दुखणं झालेला माणूस तो. चमचा वाजतोय तोवर मी भाजी चिरते. थांबला की हातातलं टाकून जाते. बहुतेक वेळा चपला घालून कॅफेत निघालेला असतो. त्याला सांगू नकोस."

बाहेर बैठकीत बटणांची डबी वाजत होती.

त्याच दुपारी तिने अ‍ॅम्प पुन्हा एकदा उघडला आणि पहिल्यासारखा नीट केला. फाटका स्पीकर तेवढा मिलूदच्या आग्रहाने राहू दिला. गुरुवारी लग्नाच्या मांडवात तो शालीत गुंडाळलेल्या तबकासकट गेला. हुआरियाने पावतीवर लिहिलं: सोबत तबक एक, चमचा एक. मिलूदने मांडवात मान उभी हलवली, ती साऱ्या गावाने पाहिली. हाजनी पाहिली की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

शनिवारी दोन्ही गिऱ्हाइकं अ‍ॅम्प घेऊन गुपचूप परत आली. एकाने बरोबर परातही आणली होती. हुआरिया पहिल्या अ‍ॅम्पची वीज उतरवत होती आणि एकदम तिला जाणवलं, डबी थांबली आहे. हातातलं सगळं टाकून ती बाहेर पळाली.

रीम काचेपाशी आजोबांच्या मांडीवर बसली होती. विकायला मांडलेल्या इटालियन अ‍ॅम्पवर हाजनी तिची डबी ठेवली होती, आणि एका बोटाने त्याला जोडलेल्या गिटारची जाड तार छेडत ते कान लावून ऐकत होते.

"तू टेबलावर जा," ते मागे न बघता म्हणाले. "पोरीकडे मी बघतो."

ती आत गेली. गल्ल्याच्या काचेखाली ओरानची चिठ्ठी तिला दिसली नाही. थोड्या वेळाने बाहेर डबीतली बटणं झिणझिणू लागली, तेव्हा तिने अ‍ॅम्पमध्ये हात घातला.