राणीची तिसरी तपासणी

बाबांच्या लॉन्ड्रीतल्या चादरी दुधासारख्या पांढऱ्या असायच्या. त्या दवाखान्यांत पोचवणारी अठरा वर्षांची डिझेल व्हॅन मात्र असा काळाकुट्ट धूर ओकायची, की मागच्या सायकलवाल्याला घरी जाऊन पुन्हा आंघोळ करावी लागे. तिचं नाव राणी! धुराच्या तपासणीत राणी दोनदा नापास झाली होती. येत्या सोमवारी तिसरी आणि शेवटची खेप. या वेळी नापास, तर थेट भंगारात. बाबा जेवताना नुसतं ताट चिवडत बसायचे.

त्यांच्या नववीतल्या धाकट्या लेकीला ते बघवेना. तळणीच्या जुन्या तेलापासून बायोडिझेल बनवून तिने नुकताच शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर पटकावला होता. तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते आणि बाबा तिला ‘शास्त्रज्ञीणबाई’ म्हणायला लागले होते. ती वेफर्सवाल्या आत्याकडे गेली.

“आत्या, तळून उरलेलं तेल दे ना. सगळं दे.”

“अगं, काळं झालंय ते. काय करणार त्याचं?”

“राणीला पाजणार! धूर एकदम कमी होतो.”

“बापाला विचारलंस?”

“सरप्राइज आहे!”

“तुझी आजवरची सगळी सरप्राइजं मीच फडक्याने पुसलीत,” आत्या म्हणाली. पण तिने डबे दिले.

आठवडाभर धाकटीने शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या डोळ्यांदेखत, ते तेल गाळलं, तापवलं, तीनतीनदा धुतलं, वाळवलं. मधासारखं वीस लिटर इंधन तयार झालं. शनिवारी संध्याकाळी बाबा इस्त्रीत गुंतलेले पाहून तिने ते राणीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत ओतलं. इंधनाचा काटा कधीचाच बंद होता, त्यामुळे कुणाला पत्ता लागण्याची भीती नव्हती.

तिने इंधन सतरा वेळा तपासलं होतं. टाकी एकदाही नाही. लॉन्ड्रीवाल्याच्या मुलीला एवढं तरी सुचायला हवं होतं, की धुलाई चांगली झाली की मळ सुटून पाण्यात उतरतो. बायोडिझेलने रविवारभर टाकीत बसून तेच केलं. अठरा वर्षांचा गाळ मोकळा झाला.

सोमवारी राणी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मागे धुराचा पत्ता नाही. बाबा गालातल्या गालात हसले. धाकटीही हसली. दोघांनीही एकमेकांना कारण विचारलं नाही.

तपासणी केंद्राच्या फाटकात राणी खोकली. पुढे चार गाड्या असताना तिला उचकी लागली. दोन असताना तिने मान टाकली. मग बापलेकीने तिला ढकलत यंत्रापर्यंत नेलं.

“चालू करा,” साहेब म्हणाले.

“होत नाहीये साहेब.”

“मग धूर कुठून मोजू?”

“सर, पण बघा ना,” धाकटी धापा टाकत म्हणाली, “धूर शून्य आहे!”

“बाळ, शून्य धूर माझ्या खुर्चीचाही आहे.”

फोन केल्यावर मेकॅनिककाका जीप घेऊन आले. त्यांनी फिल्टर उघडला, तर आतून डांबरासारखा लगदा निघाला.

“बाप रे! टाकी कुणी धुतली ही? शनिवारी दुपारी तर मी इंजिनात डिझेल फवारणारे नवे नोझल बसवले, धूर स्वतः बघितला. गाडी हमखास पास होती!”

“गप की रे,” बाबा पुटपुटले.

धाकटीचे कान तापले. शनिवारी बाबा ‘लांबच्या गिऱ्हाइकाकडे’ गेले होते ते हे! तिने सगळं सांगून टाकलं, तेल, टाकी, सतरा तपासण्या. मेकॅनिककाका नवा फिल्टर आणायला पळाले, पण ते परतण्याआधीच एक वाजला आणि साहेबांनी खिडकी ओढली. वहीत लिहिलं, ‘वाहन गैरहजर.’

“गैरहजर? अहो, ही काय तुमच्यासमोर उभीय!”

“मग नापास लिहू?”

“नको, नको! गैरहजरच आहे ती. कालपासून दिसलीच नाही.”

“पुढची तारीख महिन्याने. तोवर रस्त्यावर आणायची नाही.”

जीपला दोर बांधून राणी घरी निघाली. बाबा स्टिअरिंग धरून बसले होते.

“बाबा, मी विचारायला हवं होतं.”

एरवी बाबा ‘असू दे गं’ म्हणायचे. आज म्हणाले, “हो.”

मग आरसा नीट करत म्हणाले, “मीही सांगायला हवं होतं. म्हटलं, पास झाली की तुला चकित करू.”

धाकटीला रडू आलं. तिने ते खिडकीकडे तोंड करून आवरलं.

“महिनाभर चादरी हातगाडीवरून न्याव्या लागणार,” बाबा म्हणाले. “पहाटे पाचला निघावं लागेल.”

“मी ढकलीन. शाळेच्या आधी.”

“बरं.”

जीपने वळण घेतलं. एवढ्यात हातगाडीला एक झकास सुधारणा तिच्या डोक्यात आली. तिचे डोळे चमकले.

“बाबा, गाडीला पुढून एक शीड लावलं तर? आपल्याकडे चादरी आहेतच!”

“नको.”

“बरं,” धाकटी म्हणाली आणि शिवशिवणारे हात मांडीवर घट्ट धरून बसली.