नानांच्या इंजिनाचा खोकला

आमच्या शेजारचे भगवाननाना भर दुपारी पाण्याच्या ड्रममध्ये होडीचं इंजिन चालवतात. बँकेतली नोकरी संपल्यापासून दुपारची झोप हा माझा एकुलता एक छंद, आणि त्यावर हा असा रोज नांगर फिरतो. अंगणात निळा प्लॅस्टिकचा ड्रम, त्याच्या काठाला पेच आवळून बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन, आत गरगरणारा पंखा, बाहेर उसळणारं पाणी आणि तेलाच्या वासाचा धूर. शेजारी नाना डोळे मिटून बसलेले. पाणी सांडतं म्हणून त्यांच्या घरातून काकू बोलत असतात. इंजिन चालू असताना नानांना दुसरं काही ऐकू येत नाही. काकूंच्या मते तेवढ्यासाठीच ते चालवतात.

कुठल्याशा धरणावरच्या बोटिंगमधून हे इंजिन भंगारात आलं होतं. नानांनी ते उचललं, स्पेअर पार्टचं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि याच्या मागे लागले. हेड घासून दाब वाढवला. सिलिंडरमधल्या धुराच्या वाटा बारीक कानशीनं रुंद केल्या. सायलेन्सर कापून पुन्हा जोडला. पंख्याची पाती काकूंच्या घासणीनं चकचकीत केली, तेव्हा दोन दिवस आमच्या शहागडात फक्त त्यांचाच आवाज ऐकू येत होता.

"एवढा जोर वाढवून जायचंय कुठं?" मी एकदा विचारलं.

"तुमाला न्हाई कळायचं, साहेब. टू-स्ट्रोक मनमोकळा असतो. भूक लागली की बोलतो, पोट भरलं की बोलतो. फोर-स्ट्रोक म्हंजे घरजावई. आवाज न्हाई, धूर न्हाई, मनातलं बिलकुल कळू देत न्हाई."

हा टोमणा फोर-स्ट्रोकला नव्हता. नानांचा धाकटा भाऊ उत्तम गोदावरीपलीकडे सासऱ्याच्या मळ्यात राहतो. तरुणपणी दोघांनी मिळून एक टू-स्ट्रोक मोटारसायकल अशी तयार केली होती की हायवेवरचे ट्रकवाले तिला आवाजावरून ओळखायचे. कानस नानांची, कान उत्तमचा. पलीकडे गेल्यावर उत्तमनं ती नानांना न विचारता विकली आणि मुकाट चालणारी नवी गाडी घेतली. तेव्हापासून बोलणं बंद. मध्ये चांगला पूल आहे, पण नाना त्यावरून कधी गेले नाहीत.

"रोज गच्चीवरून त्याचा मळा बघत्यात," काकू मला म्हणाल्या. "इचारलं की म्हनत्यात, हवा खायला गेल्तो."

थंडीतल्या एका सकाळी नानांनी ते इंजिन एका जुन्या होडीला लावलं आणि मला तीत बसवलं. बंधाऱ्यानं तुंबलेलं गोदावरीचं पाणी काठोकाठ भरलेलं, त्यावरून वाफ निघत होती. पूल धुक्यात गेला होता, वरून नुसती ट्रकची घरघर सरकत होती. दोरीच्या पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. होडी नाक वर करून निघाली तेव्हा पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं तेच कळेना. मी अजून झोपेतच आहे, आणि कुणी उठवू नये, असं वाटत होतं. दुपारची सगळी बुडालेली झोप मला एका फेरीत परत मिळाली.

पलीकडचा काठ जवळ आला. नानांनी वेग उतरवला, खिशातून पेचकस काढला आणि कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू आवळला. इतकं गोड चाललेलं इंजिन खोकायला लागलं.

"नाना, बिघडवताय काय?"

"गप बसा. दिवाळीपासून रोज सकाळी हितं येऊन बिघडवून राह्यलो. उत्तमला चुकीचं इंजिन ऐकवत न्हाई. लहानपणापासून न्हाई. रोज काठावर येतो, ऐकतो, अन् माघारी जातो."

उसाच्या कडेला खरंच एक माणूस उभा होता. त्यानं कानावरचा मफलर खाली ओढला. नाना मात्र दुसरीकडेच बघत होते. होडी खोकत खोकत त्याच्या समोरून गेली, वळली, परत आली. मला नानांची फार माया आली.

"हवा कमी पडून राह्यली," काठावरून आवाज आला. "स्क्रू उघड अर्धा फेरा."

नानांनी मान डोलावली आणि स्क्रू आणखी आवळला. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. होडी आपसूक काठाकडे वाहत गेली.

"उघड म्हणलं तर आवळतो," उत्तमराव पँट दुमडून पाण्यात उतरले. "पयल्यापासून असाच हाय तू. सरक तिकडं, दादा."

नाना सरकले. पेचकस त्यांनी पुढे केला. उत्तमरावांनी स्क्रू फिरवला, दोरी ओढली, पुन्हा एवढासा फिरवला. खोकला गेला. इंजिन इतकं एकसारखं चालायला लागलं की आता त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

नानांनी कान इंजिनापाशी नेला.

"अजून बराबर न्हाई," ते म्हणाले. "बघ जरा."